शिडीवर बसलेला माणूस

पानाकाका मूळचे नळफिटर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गळक्या नळांशी आणि तुंबलेल्या मोऱ्यांशी झटापट केली. खिशात कायम पाना, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं होतं. समुद्राच्या तळाशी, साठ फुटांवर, संशोधकांसाठी राहतं घर उभारलंय आणि त्याचे पाइप नि झडपा सांभाळायला मुरलेला माणूस हवाय, असं कळलं तेव्हा त्यांनी आपणहून अर्ज केला. बायको म्हणाली, "जन्मभर लोकांच्या घरातलं पाणी काढलंत, आता पाण्यातच घर करा!" पण पोहण्याच्या प्रशिक्षणाला डबा तिनंच भरून दिला.

घर म्हणजे दोन बस एकामागे एक लावाव्यात एवढं पोलादी नळकांडं. सहा बाक, एक टेबल, एक गोल खिडकी. एका टोकाला ओली खोली. तिच्या जमिनीत टेबलाएवढं भोक आणि त्यातून खाली समुद्रात उतरणारी लोखंडी शिडी. भोक सताड उघडं, तरी पाणी वर चढत नसे. पेला उलटा करून बादलीत दाबला की आतली हवा पाण्याला शिरू देत नाही, तसंच हे. त्या दाबाच्या हवेत शीळ वाजत नसे आणि कितीही मीठ घाला, जेवण अळणीच लागे.

या हवेची एक अट होती. एक दिवस तिथं काढला की ती रक्तात मुरते. मग वर यायचं तर दार बंद करून आतला दाब हळूहळू उतरवायचा, पुरे सतरा तास. तसंच वर गेलं तर हलवलेल्या सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडावं तसं रक्त फसफसतं. काकांना पुस्तकी भाषा कळत नसे, पण ही बाटली त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती.

त्या मोहिमेचा आठवा दिवस. सकाळी मोहिमेच्या प्रमुख, सगळ्यांच्या मोठ्या बाई, एका सहकाऱ्याला घेऊन बाहेर प्रवाळांची मोजणी करायला गेल्या होत्या. आत दोघंच. काका ओल्या खोलीत शॉवरचा वायसर बदलत होते आणि प्रवाळवाली टेबलाशी नमुने लावत होती. ही तिशीची संशोधक, चार वर्षांच्या मुलीची आई. रेडिओ खरखरला. किनाऱ्यावरच्या रेडिओवाल्यानं मागचापुढचा विचार न करता तिच्या नवऱ्याचा फोन थेट खाली जोडून दिला.

"चिमीला झटके आले," नवरा रडत होता. "दोनदा. डोळे फिरवले तिनं. दवाखान्यात आणलंय. अजून शुद्धीवर नाहीये गं."

दार उघडंच होतं, काकांनी शब्दन् शब्द ऐकला. पुढच्या क्षणी ती ओल्या खोलीत आली आणि तिनं खुंटीवरचा मुखवटा ओढला.

"कुठं निघालीस?"

"वर."

काकांनी हातातला वायसर टाकला आणि ते सरळ शिडीवर जाऊन बसले. गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात, दोन्ही हात दोन्ही दांड्यांना.

"काका, उठा."

"नाही उठणार."

"साठ फूट आहे फक्त! दोन मिनिटांत पोचते मी. वर बोट उभी आहे."

"बोटीपर्यंत पोचशील गं. पण थोड्या वेळानं पाय जातील, मग श्वास. मी तुला सांगायला नको, तूच शिकवलंस मला."

"तुम्हाला मूल आहे?"

काकांचं आणि बायकोचं वीस वर्षं डॉक्टर, औषधं, सगळं करून झालं होतं. "नाही," ते म्हणाले.

"मग तुम्हाला काय कळणार!"

ते काळजात रुतलं. तरी हात सुटले नाहीत. तिनं त्यांचे खांदे ढकलले, केस ओढले, शेवटी दंडाला कडकडून चावली. काकांनी ओठ आवळले. बाहेरच्यांना बोलवायचा भोंगा पलीकडच्या खोलीत होता. तिकडं जायचं म्हणजे शिडी सोडायची. त्यांनी खिशातून पाना काढला आणि शिडीच्या पाण्यातल्या दांडीवर ठोकायला सुरुवात केली. तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन. पाण्यात आवाज लांबवर जातो.

पण एक हात सुटला होता. तेवढ्यात ती बाजूनं घुसली, कमरेपर्यंत पाण्यात गेलीसुद्धा. काकांनी पाना सोडून दिला आणि तिचा पट्टा पकडला. पाना गटांगळ्या खात तळाशी गेला. ती लाथा झाडत होती, आणि काकांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: हिला सोडलं तर ही मरेल, धरून ठेवलं आणि वर पोर गेली, तर मी कोण ठरेन? मूठ तेवढी घट्ट राहिली. किती वेळ, कोण जाणे. पुढं मोठ्या बाई सांगत की ठोके ऐकल्यापासून परतायला त्यांना अकरा मिनिटं लागली.

पाण्यातून दोन डोकी वर आली. सगळं ऐकून बाईंनी मुखवटा काढता काढता एवढंच म्हटलं, "दार लावा. सगळेच वर जाऊ." पाच दिवसांचं काम बाकी होतं, त्याचा त्यांनी ब्रही काढला नाही.

मग ते सतरा तास. काका मापकावर डोळा ठेवून झडप केसभर केसभर फिरवत होते. घाई करायची सोय नव्हती. प्रवाळवाली भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली होती. पाचव्या तासाला वरून निरोप आला, मुलीनं डोळे उघडले. नवव्या तासाला, पुन्हा झटका आलाय. ती उठून बंद दारापाशी गेली आणि त्यावर कपाळ टेकून उभी राहिली. झडपेची फुसफुस तेवढी चालू होती. चौदाव्या तासाला नवऱ्याचा आवाज आला, "पाणी मागितलं तिनं. आई कुठंय विचारतेय." बाईंनी तिला जवळ घेतलं. काकांना झडप सोडता येत नव्हती, डोळे त्यांनी बाहीनं पुसले.

वर आल्यावर ती त्यांच्याकडे न बघता बोटीत चढली.

घरी दंडाला औषध लावताना बायकोनं विचारलं, "हा कुठला मासा?" काकांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पोर गेली असती तर गं?" बायको औषधाचं झाकण लावत राहिली. "तर तुम्ही तिचे शिव्याशाप ऐकून घेतले असते," ती म्हणाली. "पण ऐकवायला ती जिवंत राहिली असती."

दुसऱ्या दिवशी काकांनी आयुष्यातला पहिला तक्रारअर्ज लिहिला, चार ओळींचा: घरची वाईट बातमी खाली कळवायची ती आधी प्रमुखांना, आणि सगळे आत असतानाच. तो नियम झाला.

दोन महिन्यांनी प्रवाळवाली मुलीला घेऊन किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये आली. मुलगी पाइपांच्या ढिगाभोवती पळायला लागली.

"काका, वर गेले तर मरेन, हे मला तेव्हाही माहीत होतं."

"मग?"

"माहीत असूनही निघाले होते."

काकांनी हात पुसले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. "बस," ते म्हणाले. "चहा टाकतो."