न आखलेले डोळे

“उठा आता,” असं म्हणून गुरुजी आपल्याच गुडघ्यावर थाप मारायचे आणि निरूपण संपायचं. गोष्ट अर्धी असो, पोथीतली ओवी अर्धी असो, थाप पडली की संपलं. राजा अरण्यात हरवलेला असायचा आणि आम्ही शेडच्या दारात चपला शोधत असायचो. राजा सापडला की नाही हे पुढच्या गुरुवारी कळायचं, कधी कळायचंही नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “तो बघेल त्याचं. तुमची गाडी चुकेल.”

रोह्याला नदीच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढे पत्र्याची शेड. निडीजवळच्या शाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली, त्यामुळे सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. पुढे ते आमचे गुरू झाले तेव्हा वेगळं नाव शोधावं लागलं नाही. भगवं वस्त्र नाही, माळ नाही. पायजमा, सदरा आणि थंडीत बाह्या नसलेला एक स्वेटर. गुरुवारी संध्याकाळी कंपनीतली पहिली शिफ्ट सुटलेली माणसं यायची, खाडीकडची यायची, मी पेणहून यायचो.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पण पाया पडू न देणारा गुरू तुम्ही क्वचित पाहिला असेल. एकदा एका गृहस्थाने त्यांचे पाय धरले ते सोडेनाच. रडत होता बिचारा. गुरुजींनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग म्हणाले, “हे पाय मला चालायला लागतात. तुमचे तुम्ही वापरा. उठा आता.” तो माणूस रडता रडता हसला.

आणखी एक प्रसंग. उधाणाचे दिवस होते. निरूपण चालू असताना एकाला फोन आला की नागोठण्यापुढच्या त्याच्या गावात बांधाला खांड पडलीय, खाडीचं पाणी शेतात शिरतंय. गुरुजींनी पोथी मिटली, थाप मारली आणि मिळेल त्या टेम्पोत आमच्यासकट जाऊन बसले. तिथे गुडघाभर चिखलात माणसांची रांग लागली होती. ढेकळं हातोहात पुढे जात होती. गुरुजी त्या रांगेत उभे राहिले. माझ्या शेजारचा हळूच म्हणाला, “गुरुजी, आजचं निरूपण राहिलं.” त्याच्या हातात ढेकूळ देत ते म्हणाले, “बोलू नकोस, पुढे दे.”

आता माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पेणला माझा गणपतींचा कारखाना आहे. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंग देणं ही कामं कारागीर करतात. डोळ्यांची आखणी मात्र मी कुणाला देत नाही. ती शेवटी होते, आणि ती झाली की मूर्ती बघायला लागते. पत्नी गेली त्या वर्षी माझ्या हाताला कापरं भरलं. आखणी बंद पडली. मी कारखान्याच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून असायचो. गुरुजी एक दिवस पेणला आले, माझ्या शेजारी भिंतीकडेच तोंड करून बसले. चहा आला, तो प्यायले. संध्याकाळ झाली. मग त्यांनी थाप मारली, पण स्वतःच्या नाही, माझ्या गुडघ्यावर. त्या रात्री मी एका मूर्तीचे डोळे आखले. वाकडे आले. पण आखले.

त्या माणसाशी मी कसा वागलो ते आता ऐका.

गुरुजींना दम्याने धरलं. एका गुरुवारी आमच्या गुरुवारच्या मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “गुरुजी, तुमच्या पश्चात आम्ही कुणाकडे बघायचं? शेडमध्ये तुमची मूर्ती असावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे.” शेठ टेम्पोच्या धंद्यातले, दणकट आणि मनाने सरळ. गुरुजींवर त्यांचा खरा जीव होता.

गुरुजी म्हणाले, “मी गेल्यावर मला कुठे बसवू नका. एकाला बसवलं की त्याच्याभोवती बाकीचेही बसतात.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पंधरवड्याने शेठ माझ्या कारखान्यात आले. “तू कर मूर्ती. तो चेहरा तुझ्याशिवाय कुणाला जमायचा नाही.”

“पण शेठ, ते नको म्हणालेत.”

“ते नकोच म्हणणार रे. हो म्हणाले असते तर ते गुरुजी कसले?”

मी विचार करायला वेळ मागायला हवा होता. मी माप विचारलं. खरं सांगतो, शेठ आले नसते तरी मी ती मूर्ती केली असती. पत्नीचा चेहरा मला आठवून करता आला नव्हता. बसलो की हनुवटी हरवायची. हा चेहरा तरी सुटू द्यायचा नाही, एवढंच मनात होतं.

पुढचे गुरुवार मी रोह्याला जात राहिलो, पण ऐकायला नाही. कानाची पाळी किती लांब, नाकाचं हाड कुठे वळतं, मांडी घातल्यावर कुठला गुडघा वर राहतो, हे मोजायला. ते धापा टाकत बोलायचे आणि मी गळ्याच्या शिरा पाठ करायचो. त्या दिवसांत ते काय बोलले यातलं एक वाक्य मला सांगता येत नाही. एकदा मध्येच थांबून ते म्हणाले, “काय पेणवाले, आज ऐकत नाहीस. नुसता बघतोयस.” लोक हसले.

मूर्ती शाडूची केली, माणसाच्या मापाची, चौरंगावर मांडी घातलेली. पेणमध्ये काही लपत नाही, म्हणून कारखान्याच्या अगदी आतल्या बाजूला ठेवली होती. माती ओली राहावी म्हणून प्लास्टिक टाकलेलं असायचं. हे माहीत होतं फक्त सुमनला. सुमन खाडीकडच्या गावातली, माझ्याकडे रंगकामाला आहे आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात कारखाना चालवते. तिने मूर्ती पाहिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “चांगली हाय. पण दादा, त्यांना विचारलाव काय?” मी मूर्तीवर प्लास्टिक ओढलं.

माघात एका दुपारी तीच दारातून धावत आली. “दादा, गुरुजी आलेत. रिक्षातून उतरतायत.”

पेणच्या डॉक्टरकडे आले होते, तिथून इकडे. मी धावत जाऊन प्लास्टिक नीट ओढलं, त्याच्या कडेवर दोन विटा ठेवल्या. तोवर काठीचा आवाज आत आलाच होता.

ते कच्च्या गणपतींच्या रांगांमधून सावकाश येत होते. दर दहा पावलांवर थांबून श्वास घ्यायचे. “इतके देव,” ते म्हणाले, “आणि एकालाही दिसत नाही.”

“दिसंल गुरुजी,” सुमन म्हणाली. “श्रावणात दिसंल.”

मी त्यांना बाहेर, वाऱ्याला बसा म्हणत होतो. ते आतच येत राहिले आणि प्लास्टिकच्या शेजारच्या स्टुलावर टेकले. त्यांचा खांदा त्या झाकलेल्या खांद्याला लागला. दोन्ही एकाच उंचीवर होते.

“हा एवढा मोठा कुणाचा?”

“एका सार्वजनिक मंडळाचा.”

त्यांनी प्लास्टिककडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “यांची सोंड कुठाय?”

सुमनने पदर तोंडात घातला. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं. गुरुजींनी काठीच्या टोकाने एक वीट सरकवली, दुसरी सरकवली आणि प्लास्टिक खाली ओढलं.

त्यांच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. मूर्तीचं सगळं झालं होतं, फक्त डोळ्यांच्या जागी कोरे फुगवटे होते.

“नाक मोठं केलंस.”

“आहे तेवढंच आहे, गुरुजी.”

“असेल. मला कुठे दिसतं?” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी यात आहे का रे?”

“आहात.”

“मग आता रोह्याला यायची तुला गरज नाही.”

मी खाली बसलो. हात जोडले. म्हणालो, “चुकलो. मोडू का? तुम्ही सांगा, आत्ता मोडतो.”

“एकदा सांगितलं होतं. दोनदा ओरडायला मी काय फेरीवाला आहे? हात तुझे आहेत.”

मला त्यांची आज्ञा हवी होती, म्हणजे ओझं त्यांच्याकडे गेलं असतं. त्यांनी ते घेतलं नाही. काठीवर भार टाकून ते उठले. जाता जाता मूर्तीपुढे थांबले, वाकले आणि तिच्या मातीच्या गुडघ्यावर थाप मारली. “उठा आता,” ते तिला म्हणाले. थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हा काही उठत नाही, पेणवाले.”

ओल्या मातीत त्यांचा पंजा उमटला होता. पाचही बोटं. मी तो पुसला नाही. पण मूर्तीही मोडली नाही. प्लास्टिक काढून टाकलं, सुकू दिली, चेहऱ्यावर पांढरा हात मारला. रोह्याला मात्र गेलो नाही, जायला तोंड नव्हतं. म्हणजे त्यांचं म्हणणंच खरं केलं.

चैत्रात ते गेले. अंत्यदर्शनाला मी पोचलो तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि थाप मारून आम्हाला उठवणारं कुणी नव्हतं. लोक बसूनच राहिले. शेवटी पोलिसपाटलांनी सगळ्यांना उठवलं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ टेम्पो घेऊन पेणला आले. मूर्ती पाहून मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. डोळे पुसून म्हणाले, “डोळे राहिलेत.”

“हो.”

“आख. मी बसतो.” आणि ते त्याच स्टुलावर बसले.

मी ब्रश घेतला. काळा रंग कालवला. हाताला कापरं नव्हतं, हे सांगायला हवं. हात अगदी स्थिर होता. दोन रेघा आणि दोन ठिपके, की गुरुजी पुन्हा माझ्याकडे बघणार होते. ते मला इतकं हवं होतं की मी श्वास रोखून धरला होता. ब्रश टेकणार, तेवढ्यात तोल सावरायला मी डावा हात मूर्तीच्या गुडघ्यावर ठेवला. माझी बोटं त्यांच्या बोटांच्या खळग्यांत बसली.

मी ब्रश खाली ठेवला. शेजारच्या पिंपातून डबा भरून घेतला आणि मूर्तीच्या डोक्यावर ओतला. कच्च्या शाडूने पाणी प्यायलं की ती उभी राहत नाही. दुसरा डबा ओतला. आधी कान गेला. मग नाक, जे मोठं झालं होतं. चेहऱ्यावरून पांढरं पाणी ओघळत होतं. मी थांबलो नाही. माझ्याच्याने बघवतही नव्हतं.

शेठ उभे राहिले होते. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “गुरूच्या तोंडावर पाणी ओतलंस. हे तुझं तू फेड.” आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले.

गुडघा शेवटपर्यंत टिकला होता. सुमन तो उचलायला आली. “एवढा ठेवा दादा. पंजा हाय त्यांचा.” मी तो तिच्या हातातून घेतला आणि भिजत टाकला. थोड्या वेळाने हात घालून पाहिलं, नुसता चिखल होता.

लोक म्हणतील, अखेर तू आज्ञा पाळलीस. मला तसं वाटत नाही. मी आधी त्यांचा शब्द मोडला आणि मग त्यांचा चेहरा मोडला. दोन्ही माझ्याच हातांनी. रात्री ओघळणारा तो कान दिसतो.

माती फेकून देता आली नाही. सुमनने ती गाळली, मळली, साच्यात भरली. बारा-पंधरा लहान गणपती झाले. श्रावणात त्यांचे डोळे आखायला घेतले तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. एकाचेही वाकडे आले नाहीत.

मोरेश्वरशेठच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं माझ्याकडून जातो. यंदा ते येणार नाहीत अशीच खात्री होती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गर्दीच्या वेळी, ते पाट घेऊन दारात उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमचा द्या.” मला कधी अहो-जाहो न करणारा माणूस.

तरी त्यांच्या नेहमीच्या मापाचा एक मी बाजूला काढून ठेवला होता. तो पाटावर ठेवला आणि तसंच जाऊ द्यावं असं वाटलं. त्यांना कधी कळलं नसतं. पण मग ते आणखी एक झाकलेलं प्लास्टिक झालं असतं.

“शेठ,” मी म्हणालो, “यात ती माती आहे. नको असेल तर दुसरा देतो.”

त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. शेठच्या हातातला पाट मी खालून धरला. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो.

“दीड दिवसाचा असतो आमचा,” ते अखेर म्हणाले.

“माहीत आहे.”

“यंदा गौरींपर्यंत ठेवतो.” मग खिशातून रुमाल काढून, नेताना झाकतात तसा त्यांनी मूर्तीचा चेहरा झाकला. “पण मग उठवावं लागेल ना रे.”

“लागेल.”

“हां,” ते म्हणाले, आणि पाट छातीशी धरून जपून पावलं टाकत गेले.

टेम्पो वळेपर्यंत मी बघत होतो. मग मागच्या खोलीत जाऊन भिंतीशी बसलो. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेरून सुमनचा आवाज आला, रंगाने माखलेल्या हाताने तिने दार ढकललं.

“दादा, गिऱ्हाइकं उभी हायत, चार मूर्तींचे डोळे बाकी हायत, आन तुम्ही बसलाव काय? उठा आता.”