ढोलीतला पासपोर्ट
नव्या धानाचा वास आला की सिंदेवाहीजवळच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. थायलंडमध्ये हॉटेलात काम करणारा मोठा भाऊ, तिथली त्याची बायको वारल्यावर, चार वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. तिकडे राहण्याची त्याची परवानगी आता फक्त त्या थाई मुलाचा बाप म्हणून होती. मुलगा सोबत असेल तरच ती वाढणार होती. मुदत चार दिवसांवर आली आणि मुलाचा पासपोर्ट सापडेना. आई सकाळपासून धान साठवायच्या बांबूच्या ढोलीला पाठ लावून बसली होती. "माय, मुदत गेली तर माझी नोकरी गेली!" भाऊ ओरडला. "तू जाय ना. लेकराले काऊन नेतं? तिथी त्याले कोन हाय?" आई म्हणाली. भावाने माझ्याकडे पाहिलं. आईच्याच मजुरीवर मी घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो होतो, आणि परवानगीचा कागद आईला मीच वाचून दाखवला होता. मी ढोलीत हात घातला. धानाची कुसं कोपरापर्यंत टोचली, मग पासपोर्ट लागला. "याच्यासाठीच शिकवलं का तुले?" आई हळूच म्हणाली. मी तो भावाला दिला. आजही ती मला प्रेमाने जेवू घालते. औषधावरचं नाव मात्र शेजारणीकडून वाचून घेते.