पाटाला प्लग

तुमच्या घरात प्लगवर चालणारा, गरम होणारा एखादा लाकडी पाट आहे का? हसू नका, खरंच विचारतेय. असेल तर तो माझ्या काकांनीच केलेला असणार, कारण असलं काही सुचणारा दुसरा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात जन्माला आलेला नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू त्यांनी तिच्या मूळ कामावर राहू दिलेली नाही. मिक्सरच्या मोटरवर देवघरातला पंखा फिरतो, जुन्या इस्त्रीवर पापड भाजले जातात, आणि दारावरची बेल दाबली की संडासातला दिवा लागतो. हे शेवटचं चुकून झालं, पण काकांनी ते सोय म्हणून जाहीर केलं. नवी वस्तू तयार झाली की ते अनवाणी उभे राहतात, हाताच्या उलट्या बाजूने तिला शिवून बघतात आणि मावशीकडे वळून "पास" म्हणतात. त्या वेळी मावशी हात जोडून उभी असते. देवाला की काकांना, ते तिने कधी सांगितलं नाही.

पाट मात्र हौसेपोटी झाला नव्हता. थंडीत मावशीचे पाय बधिर होतात. एका हिवाळ्यात काकांनी जुन्या पाटाच्या पोटात तापणारी तार बसवली आणि तो तिच्या पायांखाली सरकवला. लोकरीचे मोजे काढून तिने दोन्ही तळवे पाटावर टेकवले. मग कॉलनीतल्या प्रत्येक म्हातारीला पाट हवासा झाला. काकांनी ते वाटले, लासलगावच्या व्याह्यांना पोचवले, कळवणच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका आजींनाही दिला. प्रत्येक पाटाच्या खाली मावशीच्या नावाचं पहिलं अक्षर, 'सु', कोरलेलं. कोणाला दिला हे लक्षात ठेवणं त्यांना कोतेपणाचं वाटे.

पुढे बचत गटाच्या प्रदर्शनात पाट विकायचं ठरलं आणि तिथल्या बाईंनी सुरक्षेचं प्रमाणपत्र मागितलं. काका ते प्रमाणपत्र देणाऱ्या लॅबमध्ये चौकशी करून आले ते लालबुंद होऊन. वायर ओढून बघणार, जास्त दाबाची वीज सोडणार, ते त्यांना मान्य होतं. पण पाटावर पाणी ओतणार म्हणे! मी पत्रकांवर वाढलेली मुलगी, आमच्याकडे रद्दीतसुद्धा मोर्च्यांची पत्रकंच निघायची. माझं रक्त उसळलं. तिथेच बसून खरमरीत मजकूर लिहायला घेतला: मोठ्या कंपन्यांना शिक्का, घरच्या कारागिराला धक्का. काका प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

"लिही," ते म्हणाले, "हीटर कोण धुतं, असं विचार त्यांना."

मावशी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हीटर कोणी धुत नाही. पाट धुतात. मी आज सकाळीच धुतला की."

काकांचा चेहरा उतरला.

"अहो, प्लग काढून धुते मी. गच्चीवर वाळवते. पण बाकीच्यांना कोण सांगणार?"

काका उठले, मावशीचा पाट आणला, उलटा करून स्क्रू काढले. वरून ठणठणीत कोरडा, पण आतली फळी ओलसर होती. त्यांनी तिला बोट लावलं आणि अगदी हळू म्हणाले, "नापास."

शिक्क्याची फी गरिबाला परवडली पाहिजे, यासाठी मी अजूनही भांडणार. पण ते पाणी ओतलंच पाहिजे. नैवेद्याला, पंगतीला, सणाला पाट धुऊन मांडणारी माणसं आपण. त्यात तार आहे हे कोणाच्या हाताला आठवणार?

प्रदर्शन राहिलं. काका आता घरोघर जाऊन पाट परत मागतात. कॉलनीतले बरेच मिळाले. एसटीतल्या आजींचं नावही त्यांना माहीत नाही, आणि जेवताना मध्येच घास थांबवून ते त्यांचं गाव आठवत बसतात. नवं काही करत नाहीत. संध्याकाळी मावशीचे पाय मांडीवर घेऊन दोन्ही तळव्यांनी चोळतात. मावशी म्हणते, पाटापेक्षा हेच बरं. काकांना ते पटत नाही.

म्हणून विचारलं. घरातला पाट उलटा करून बघा. 'सु' दिसलं तर आधी प्लग काढा, पाट वापरू नका, आणि आम्हाला आणून द्या. बेल मात्र दाबू नका, नुसती कडी वाजवा. काका दाराजवळच बसलेले असतात.