मशकेला तोंड कुणी लावायचं

आमच्या कुसगावात भैरवनाथाची पालखी सुराशिवाय उठत नसे. ढोल कितीही बडवा, तोंडानं फुंकून काही वाजलं तरच भोई दांडीला खांदा द्यायचे. असं का, हे मी लहानपणी चौघांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली, म्हणून विचारणं सोडलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत सनईवाल्यांचं अख्खं घर गेलं, गुराख्यांच्या पाव्याचा सूर ढोलापुढे ऐकूच येईना, आणि तेव्हापासून जत्रेला पालखी देवळातच राहू लागली. देव रुसला म्हणावं, तर पाऊस वेळेवर पडत होता. गावाला काय समजावं तेच कळेना.

अशात चाचा पलटणीतून परत आले. वेशीजवळच्या मुसलमान घरातले, माझ्या वडिलांहून मोठे. लढाईत कसला तरी विषारी धूर छातीत गेलेला, म्हणून पेन्शनीवर घरी. येताना त्यांनी एक मशक आणली होती. शेळीच्या कातड्याची पिशवी, तिला फुंकायची एक नळी, बोटं ठेवायला भोकांची दुसरी, आणि खांद्यावर टाकायच्या तीन लांब नळ्या. फुंकून पिशवी भरायची आणि काखेत दाबायची, की सूर निघतो. घागरे घालणाऱ्या गोऱ्यांच्या पलटणीतल्या एकानं त्यांना ती शिकवली होती. बायका म्हणाल्या, "ही तर पखाल!" चाचांना आता चार पावलं चालून दम लागायचा, फुंकणं दूरच. ते म्हणाले, "पोरं द्या माज्याकडं. जत्रंला पालखी उठवतो."

सहा-सात पोरं गेली. माझा चुलतभाऊ त्यांतच होता. त्याला जेवायला हाक मारायला म्हणून मी जायची आणि तिथंच बसायची. पण पहिल्याच दिवशी घोडं अडलं. मशक एक आणि तोंडं सात! एकाचं उष्टं दुसऱ्यानं कसं घ्यायचं? त्यात घरं निरनिराळी, शिकवणारा मुसलमान. पोरांच्या आया तावातावानं आबांकडे गेल्या. पालखीचा मान आबांच्या घरात होता, त्यामुळे देवाधर्माचा निवाडा तेच करत. आबांनी नळी उलटसुलट करून पाहिली आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले.

मग म्हणाले, "चुलीची फुंकणी घरातल्या समद्या बाया फुंकत्यात. ती कुनी कंदी इसळून ठेवली का? फुंकणीला उष्टं न्हाई. ही बी फुंकणीच."

निवाडा सगळ्यांना पटला. जरा जास्तच पटला. कारण फुंकणी म्हणजे बायकांचं काम! दुसऱ्या दिवसापासून एकही पोरगा त्या नळीला तोंड लावेना. "आमी काय चूल पेटवाया आलोय व्हय?" म्हणे. हीच पोरं रानात गुरांमागे पावा फुंकत हिंडायची, तेव्हा लाज कुठं जायची देव जाणे. चाचांनी समजूत घालायला म्हणून सांगितलं, "आरं, ज्यांची ही मशक, ते गडी घागरा घालून फुंकत्यात." झालं! पोरं आणखीच बिथरली. चाचा डोक्याला हात लावून बसले.

"मी फुंकू?" मी विचारलं. मी कशी बोलले, मलाच माहीत नाही.

मावळातल्या पावसात ओल्या लाकडांवर जिनं चूल पेटवली, तिच्या छातीची परीक्षा घेऊ नये. दोन दमांत पिशवी टम्म फुगली. चाचा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

मग ठरलं असं: मी फुंकायचं आणि पिशवी दाबायची, चुलतभावानं शेजारी उभं राहून भोकांवर बोटं चालवायची. बाकीच्यांनी आपापल्या पाव्यावर तीच चाल बसवायची. हळूहळू अंगणात चालीसारखं काहीतरी ऐकू येऊ लागलं. गाव खूश, मी मात्र पुरती गोंधळलेली. आईनं विचारलं, "तू वाजवतीस का नुसती फुंकतीस?" मी म्हटलं, वाजवते. चुलतभाऊ म्हणाला, "वाजवतो मी." मला बोटं लावायची होती, मनापासून लावायची होती. चाचांकडे हट्ट धरला, तर ते म्हणाले, "आदी पालखी उटू दे, पोरी." मला राग आला, पण तो चाचांवर होता, चुलतभावावर होता की आबांच्या निवाड्यावर, काही उमगेना.

जत्रेच्या दिवशी नवंच निघालं. पालखीपुढे पोरगी कशी चालेल? माणसं पुन्हा आबांकडे. आबांची पंचाईत झाली. "फुंकणी म्हनलो मीच," ते कपाळ चोळत म्हणाले, "आता बाई नगं, आसं कुटल्या तोंडानं म्हनू?"

देवळापुढे माणसांचा नुसता समुद्र झाला होता. मी पिशवी भरली. खांद्यावरच्या तीन नळ्या घुमू लागल्या आणि माणसं गप्प झाली. आता चाल सुरू व्हायची. पण चुलतभावाची बोटं हलेनात. एवढी गर्दी पाहून तो खांबासारखा उभा. नळ्या नुसत्या घुमत राहिल्या. याला सूर म्हणायचं की नाही? भोई आबांकडे बघत होते, आबा चाचांकडे. मी थांबले असते तर संपलंच होतं, म्हणून फुंकत राहिले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

चाचा धापा टाकत पुढे आले. त्यांनी चुलतभावाला हलकेच बाजूला केलं आणि मला म्हणाले, "लाव बोटं."

मला येत नाही, असं मला सांगायचं होतं. पण तोंडात नळी. नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. इतके दिवस शेजारून जी बोटं बघितली होती, तशी माझी ठेवली. एक वेडावाकडा, किंचाळणारा सूर निघाला, त्याच्यामागून दुसरा, तोही चुकलेला. मला वाटलं, आता लोक हसणार.

भोयांनी दांडीला खांदा दिला. पालखी उठली. गुलालात कुणाला काही दिसेना. मागे पोरांचे पावे सुरू झाले, ढोल सुरू झाला. मला हसावं की रडावं कळेना, आणि तोंड रिकामं नसल्यानं दोन्ही करता आलं नाही. मी तशीच चुकत, फुंकत देवापुढे चालत राहिले.