चोरीला गेलेल्या सात पिढ्या

वसमत तालुक्यातली ती चोरी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सोनंनाणं गेलं नव्हतं. एका घराण्याचे पूर्वज गेले होते.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं आणि मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. हळद शिजवण्याचे दिवस. कुरुंद्याकडच्या एका गावाहून म्हातारा भाट ठाण्यात आला. घराण्यांच्या वंशावळी सांभाळायच्या, आठ-दहा वर्षांनी गावात उतरून जुन्या पिढ्या वाचून दाखवायच्या, नवे जन्म लिहून घ्यायचे, हे त्याचं पिढीजात काम. दुपारी तो विहिरीवर अंघोळीला गेला आणि यजमानाच्या ओसरीवरून पोथी गायब झाली. सांगता सांगता रडायलाच लागला.

यजमान मोठे बागायतदार. ते सोबतच आले होते आणि संशयितही त्यांनीच सांगितला: त्यांच्याकडे हळद शिजवायला येणारा तांड्यावरचा मजूर. मी त्याला उचलून आणला. का, तर तो तांड्यावरचा. आज लिहिताना लाज वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती.

दोन तास उलटसुलट विचारलं. माणूस घाबरला नव्हता, चिडला होता.

"साहेब, आमचं गोत आमचा ढाडी गातो, आमचा भाटच तो, तोंडपाठ. पोथी घेऊन म्या काय करू? मला वाचता येत न्हाई. काहून मलाच धरलं? सकाळी आक्काचं अन् भाटाचं लई वाजलं, त्येन्ला इचारा की!"

आक्का म्हणजे यजमानांची थोरली बहीण, सत्तरीची. नवऱ्यानं तरुणपणीच टाकलेली. आईबाप गेल्यावर या भावाला तिनंच वाढवलं, शेतीही तिनंच राखली, हे गावात सगळे सांगत.

मजुराला सोडून मी गाव गाठलं. पोलीस घरात शिरले की माणसं आपसूक उठतात, गुन्हा केलेला नसला तरी. ओसरीवरचे सगळे उठले. आक्का बाजेवरून हलल्या नाहीत.

"आक्का, जरा उठता का?"

"न्हाई उठत. पोथी माझ्या गोधडीखाली हाय. मीच घेतली. लिहून घ्या."

यजमान पांढरेफटक पडले. आक्कांचा आवाज मात्र चढला.

"सात पिढ्या वाचल्या ह्यानं. एक बाई न्हाई! हे सगळे बाप्ये काय हळदीवानी जमिनीतून उगवले? म्हनलं, माझं नाव लिही. तर म्हणतो, लेकी सासरच्या. मला कुठंय सासर? पुढल्या खेपेला हा येईल तवा मी नसणार. मी ह्या घरात होते, हे कोण सांगणार?"

"तशी रीत नाही, साहेब," भाट पुटपुटला.

"कुणी घातली रीत? तुझ्याच आज्यानं ना? मग तू मोड."

कायद्यानं सगळं सरळ होतं. कबुली होती, मुद्देमाल होता. पंचनामा करायचा आणि म्हातारीला गाडीत घालायचं. यजमान माझ्या कानाशी लागले, "मिटवा साहेब, पण नाव नको. भाऊबंद हसतील." तिथं माझं डोकं फिरलं. गरिबावर खोटा आळ घेताना यांना हसं होण्याची भीती वाटली नव्हती.

मी भाटाला म्हटलं, "फिर्याद द्यायची तर पोथी मुद्देमाल म्हणून कोर्टात जमा होईल. कधी सुटेल, सांगता येत नाही. नाहीतर पेन काढा." हा दबाव होता. कुणी विचारलं असतं तर मी कबूलही केलं असतं.

भाटानं पेन काढलं. "कुणाची बायको लिहू?"

"कुणाची न्हाई. बापाची लेक लिही."

मग आक्कांनी आईचं नाव लिहायला लावलं, आजीचं लावलं. पणजीपाशी थांबल्या. ते नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जागा सोड," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन मजुराची माफी मागितली. "बराबर हाय साहेब," तो म्हणाला, "पण परत काही हरवलं तर बाकीच्यांना बी धरा."

हजारो जबाब घेतले मी. नाव सांग, बापाचं नाव सांग. आईचं कधी विचारलं नाही, आणि माझ्या पणजीचं नाव मलाही आठवेना. ठाण्यात हुकूम दिला, येईल त्याला आईचं नावही विचारायचं. हवालदार म्हणाले, "साहेब, रकाना न्हाई." म्हटलं, समासात लिहा. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर लाल शेरा मारला. निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक ठाण्यात, मी समासात लिहीत राहिलो.