आत्याच्या मोटारसायकलसाठी बांधलेली व्हॅन

परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना आपल्या दारातली पांढरी व्हॅन दिसली, तेव्हा तुमच्यातला धाकटा घाबरून म्हणाला, "आजी, ॲम्ब्युलन्स का आली आहे? आजोबांना बरं नाही का?" आजोबा माझ्या मागेच उभे राहून पेरू खात होते. त्यांनी हात हलवून दाखवला, तेवढ्यात फोन कट झाला आणि उत्तर राहून गेलं. ती ॲम्ब्युलन्स नाही. ती आपलीच गाडी आहे. ती का घेतली हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा.

तुमची आत्या मोटारसायकलच्या शर्यतींत उतरते हे तुम्हाला माहीत आहे. या शर्यती डांबरी रस्त्यावरच्या नसतात. माळावर, ओढ्यातून, बांधावरून गाडी काढायची असते. तिची गाडी उंच आहे आणि मातीत चालते तशी रस्त्यावरही चालते. त्यामुळे आठवडाभर बँकेतलं काम करायचं आणि रविवारी पहाटे त्याच गाडीवर बसून सांगलीकडे जायचं, दिवसभर तीच माळावर पळवायची आणि संध्याकाळी तिच्यावरच बसून साताऱ्याला परतायचं, असा तिचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. मी काळजी करायचे ती शर्यतीची. परतीच्या रस्त्याची काळजी करावी हे मला सुचलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी अशीच परत येताना, आष्टा सोडल्यावर, दिवेलागणीच्या वेळी ती उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल रिफ्लेक्टरही नव्हता. मावळतीच्या उजेडात ऊस आणि रस्ता एकाच रंगाचे झाले होते. तिच्या मांडीचं आणि गळ्याखालचं हाड मोडलं. तुम्हाला आम्ही तेव्हा फक्त "आत्याचा पाय दुखावलाय" एवढंच सांगितलं होतं.

आजोबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वाहन विभागात झाली. गळीत हंगाम सुरू झाला की ते गेटवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर लावायला लावत. "एवढं लाल कशाला सायेब, नवरी हाय का?" असं म्हणून ट्रॉलीवाले हसत, आणि लावूनही घेत. हॉस्पिटलच्या बाकावर ते माझ्याशेजारी बसले होते.  म्हणाले, "ट्रॉली कुठल्या तरी कारखान्याच्या गेटवरून तशीच सुटली असणार गं." 

हाडं जुळली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही. मोटारसायकलही दुरुस्त होऊन आली आणि मागच्या शेडमध्ये जुन्या चादरीखाली उभी राहिली. आत्या तिच्याकडे फिरकली नाही. गावभर गाडीवरून हिंडणारी मुलगी आता बँकेत जायला कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभी राहायची. आजोबा गच्चीवरून तिला रिक्षात बसेपर्यंत पाहायचे आणि मग खाली यायचे.

एकदा मेथी निवडताना मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आई, माळावर पळवायची भीती नाही गं वाटत. पडले तर मातीत पडेन. मला घरी यायची भीती वाटते. अंग दमलेलं असतं, अंधारून येतं, आणि पुढे काय आहे ते दिसत नाही."

मी हे आजोबांना सांगितलं. भाकरी मोडता मोडता त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे येण्याजाण्याची सोय केली पाहिजे," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, हा मनाचा प्रश्न आहे." त्यावर ते म्हणाले, "असेल. पण मनाचं मला काही करता येत नाही. गाडीचं येतं."

अशी ती व्हॅन आली. पूर्वी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. आत खिडक्यांखाली पेन्सिलीने काढलेली चित्रं होती, सीटच्या फटींत चॉकलेटचे कागद होते. इंजिन डिझेलचं, टर्बोवालं, पण थकलेलं. आजोबांनी ती औद्योगिक वसाहतीतल्या एका मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. हा मिस्त्री मूळचा कवठे महांकाळकडचा. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी मेंढरं राखली. तो लहानपणी मामाकडे साताऱ्यात शिकायला राहिला आणि मी शिकवायचे त्या वर्गात मागच्या बाकावर बसला, म्हणून मला अजून "बाई" म्हणतो. बोलण्यात कुणाला हार जात नाही.

"सायेब, हिला टर्बो हाय पर दम न्हाई," त्याने बॉनेट उघडून निकाल दिला. "पोरं न्यायची गाडी. चढ दिसला की रडती."

"तिला रडू द्यायचं नाही," आजोबा म्हणाले. "मुलीची आणि तिच्या मैत्रिणींच्या, अशा तीन मोटारसायकली पोटात घेऊन सांगलीहून निघाली की दिवस मावळायच्या आत घरी पोचली पाहिजे. वाटेत रेंगाळली तर अंधार गाठणार, आणि मग एवढं सगळं करून उपयोग काय?"

म्हणून व्हॅनची ताकद वाढवायची होती. हौस नव्हतीच असं मात्र म्हणवत नाही. कारण पुढचे काही आठवडे आजोबा सकाळी चहा घेतला की गॅरेजवर जायचे ते ऑइलने काळे झालेले हात घेऊन जेवायला यायचे, आणि जेवताना मला टर्बो समजावून सांगायचे. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, पण ती हवा तापलेली असते. ती गार करणाऱ्या जाळीला इंटरकूलर म्हणतात. तो त्यांनी एका मोठ्या गाडीचा आणून बसवला. डिझेलचा पंप आणि नोझल कराडला पाठवून नीट लावून घेतले. सायलेन्सरचा पाइप रुंद केला, क्लचप्लेट दमदार घातली, मागच्या पाट्यांत, म्हणजे वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांत, एक पान वाढवलं. ब्रेक आधी करा असं मी म्हणत होते. ते त्यांनी सगळ्यात आधीच केले होते.

पहिल्यांदा गाडी दारात आणून मिस्त्रीने जोरात रेस केली, तेव्हा एवढा काळा धूर निघाला की दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या चादरी राखाडी झाल्या.

"बाई, धूर म्हंजे ताकद!" तो खिडकीतून ओरडला.

"धूर म्हणजे वाया गेलेलं डिझेल," आजोबा म्हणाले. "पंप कमी कर."

"आवं पर कसं रुबाबदार दिसतंय बघा की!"

"चादरी तुझ्या बायकोकडे धुवायला पाठवू का?" मी विचारलं. पंप लगेच कमी झाला.

मागच्या सीट काढल्या, खिडक्यांना पांढरा पत्रा ठोकला, म्हणूनच तुम्हाला ती ॲम्ब्युलन्स वाटली. हे बदल आरटीओत नोंदवून घेतल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही असं मी सांगितलं होतं. तेही झालं. तळाला जाड प्लायवूड आणि त्यावर खडबडीत पत्रा घातला. पुढचं चाक अडकवायला लोखंडी खाच केली. चढवायला फळी केली. आणि तळाला दोन्ही बाजूंनी कड्या बसवल्या, गोठ्यात दावणीला असतात तशा.

दावणीचं का सांगते, ते ऐका. आजोबांच्या घरी त्यांच्या वडिलांच्या वेळी शर्यतीचे बैल होते. आणि मिस्त्रीचे चुलतभाऊ अजूनही त्यांच्या भागातल्या शर्यतींना बैल टेम्पोत घालून नेतात. शर्यतीचा बैल गाडीतून न्यायचा तर कधी आवळून बांधत नाहीत. दावं ढिलं ठेवतात, म्हणजे वळणावर त्याला पाय टाकून तोल सावरता येतो. आवळला तर तो सगळी वाट गाडीशी झुंजतो आणि उतरतो तेव्हा निम्मा दमलेला असतो. हे दोघांनीही लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा पहिली चाचणी घ्यायला म्हणून त्यांनी शेडमधली आत्याची मोटारसायकल फळीवरून वर चढवली, आणि सुती दोरांनी, मायेने, ढिली बांधली.

आम्ही यवतेश्वरच्या घाटाला लागलो. मी पुढे आजोबांशेजारी, मिस्त्री मागे मोटारसायकलीजवळ. व्हॅन खरोखर बदलली होती. ज्या चढावर पूर्वी ती रडत जायची तिथे आजोबांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि माझी पाठ सीटला टेकली. "बघितलंस?" ते म्हणाले. तेवढ्यात वळण आलं, आणि मागे मोठ्ठा आवाज झाला.

"सायेब, बसली!" मिस्त्री ओरडला.

"कोण बसलं?"

"आवं गाडी बसली! माझ्या पायावर!"

पायाला नुसतं खरचटलं होतं. मोटारसायकल पत्र्यावर कलंडली होती, आरसा फुटला होता, ब्रेकचा दांडा वाकला होता आणि पेट्रोलचा वास सुटला होता. तिला तशीच आडवी घेऊन आम्ही परतलो. आम्ही ती गुपचूप शेडमध्ये ठेवणार होतो. पण आत्या त्या दिवशी लवकर घरी आली होती आणि फाटकातच उभी होती. तिने मागचं दार उघडलं आणि आडवी पडलेली आपली गाडी पाहिली.

"ही कुणी बांधली?"

"सायबांनी," मिस्त्री म्हणाला.

"दोघांनी," आजोबा म्हणाले.

"ही दोरी एवढी ढिली का?"

"ताई, तिला पाय सावरता आला पायजे म्हून—" एवढं बोलून मिस्त्री स्वतःच थांबला.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने आजोबांकडे बघितलं. "बाबा, तिला पाय आहेत का?"

आजोबा हातातलं फडकं पिळत उभे होते. वाकलेल्या दांड्यापेक्षा त्यांना दुसरीच भीती होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढी खटपट करून जिला पुन्हा गाडीजवळ आणायचं, तिच्याच गाडीची आपण मोडतोड केली.

आत्याने पर्स माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि व्हॅनमध्ये चढली. दुखावलेला पाय वाकवताना तिने ओठ आवळले. मिस्त्रीच्या मदतीने गाडी उभी केली. "माझ्या कपाटातले पट्टे आण ना, आई, ते ओढले की कुलपासारखे अडकून राहणारे." मी आणले. तिने पट्टे हँडलच्या दोन्ही बाजूंना अडकवले, खाली कड्यांत घातले आणि ओढायला लागली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. गाडीचं पुढचं अंग खाली खाली दबत गेलं.

"अगं, किती आवळतेस," आजोबांच्या तोंडून निघून गेलं.

"स्प्रिंग अर्धी दबली पाहिजे, बाबा. मग ती पट्ट्यांना ताणून धरते आणि हलत नाही. तिला दुखत नाही."

मग तिने गाडीला हाताने गदागदा हलवून पाहिलं. सगळी व्हॅन हलली, मोटारसायकल हलली नाही. आत्या तिथेच तिच्या टाकीवर हात ठेवून उभी राहिली. मिस्त्री काहीतरी बोलायला गेला, मी त्याला चहा प्यायला आत नेलं.

त्यानंतर संध्याकाळी ती शेडमध्ये जाऊ लागली. आरसा बदलला, दांडा बदलला. सकाळी रस्ता रिकामा असताना कॉलनीत एक चक्कर मारू लागली. लांब मात्र नाही. बँकेत रिक्षानेच जायची.

या जानेवारीत कवठे महांकाळच्या बाजूला माळावर शर्यत होती. तिने स्वतःहून नाव दिलं. पहाटे आम्ही तिघं निघालो. सांगलीत तिच्या मैत्रिणीला आणि तिच्या मोटारसायकलीला घेतलं, दोन्ही गाड्या आत्याने जातीने आवळल्या. माळावर मी जुनी छत्री घेऊन दगडावर बसले. आत्या ओढ्यातून वर आली तेव्हा चिखलाने माखलेली होती, मला ओळखू आली नाही. ती पहिल्या काहींत नव्हतीच. एका चढावर तर ती आडवी झाली आणि उठून पुन्हा बसली. शर्यत संपल्यावर हेल्मेट काढून पाणी पीत होती, तेव्हा ती हसत होती. आजोबांनी घड्याळ पाहिलं. "चला. उजेडात घरी जायचंय."

मैत्रिणीला सांगलीत सोडलं. ऊन उतरायला लागलं होतं. आष्टा मागे पडलं तशी आत्या खिडकीबाहेर बघायची थांबली. मग म्हणाली, "बाबा, थांबवा."

"काय झालं? मळमळतंय का?"

"नाही. गाडी उतरवायची आहे. इथून मी चालवत येते."

आजोबांनी व्हॅन बाजूला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. "अगं, वर नीट बांधली आहे. आरामात जाऊ. मी हे सगळं कशासाठी केलं?"

आत्या खाली उतरून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.  आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मला तर नको, नको असंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "फळी काढा."

त्यांनी स्वतः पट्टे सोडले. आत्याने हेल्मेट घातलं. "तुम्ही माझ्या मागे राहा. पुढे जाऊ नका."

"किती वेगाने?"

"चाळीस."

"चाळीस! टर्बो साफ केला, पंप लावून घेतला, घाटात तिसऱ्यात चढते ही, आणि चाळीसने?"

"चाळीसने, बाबा."

ती निघाली. आजोबांनी चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि व्हॅन तिच्या मागे धरली, मध्ये कुणाला घुसता येणार नाही एवढ्या अंतरावर. पुढे एक उसाची ट्रॉली चाललेली दिसली. आत्याचा वेग कमी झाला, आजोबांचाही. ती थोडी डगमगली, हॉर्न दिला, आणि ट्रॉलीला वळसा घालून पुढे गेली. आजोबांनी रोखलेला श्वास सोडला तो मला ऐकू आला. आमच्या मागे गाड्यांची रांग लागली होती, सगळे हॉर्न वाजवत होते. एक पिकअपवाला बाजूने येऊन खिडकीतून ओरडला, "ओ काका, गाडी बिघडली व्हय?"

घरात आम्हा सगळ्यांशी पुस्तकासारखं बोलणारे तुमचे आजोबा त्याला हात करून ओरडले, "न्हाई रं! पोरगी पुढं हाय!"