गुरुवारी शेवटचे पाहिले

साताऱ्याहून निघताना माझ्या पिशवीत तीन साड्या, छत्री, चार्जर आणि पुस्तिकांचा एक गठ्ठा होता. एका संस्थेसाठी मी गावोगाव जाऊन बायकांना मोबाइलवरचं इंटरनेट शिकवते. आधी शाळेत गणित शिकवायचे. ते सोडल्यावर हे काम धरलं. 'कधी येणार' असं विचारणारं घरी कोणी नाही, त्यामुळे लांबचे जिल्हे आपोआप माझ्या वाट्याला येतात. यवतमाळ असंच आलं.

धामणगावला रेल्वेतून उतरून यवतमाळची बस पकडली. जुलै उतरणीला लागला होता. दोन्ही बाजूंना काळी ओली जमीन आणि त्यात वीतभर उगवलेली कपाशी, सरळ रेघांत. पूर्वी एकदा या भागात आले होते तेव्हा बसमध्ये बसल्या बसल्या शेजारणीनं माझं गाव, आडनाव, पोरंबाळं, सगळं विचारून घेतलं होतं. मला तेव्हा त्याचा राग आला होता. या खेपेला कोणी काहीच विचारलं नाही. प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि मान खाली. आपल्याकडे पक्ष फुटले होते, चिन्हं बदलली होती, एक निवडणूक नुकतीच झाली होती आणि दुसरी तोंडावर होती. शेजारच्या बांगलादेशात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. हे सगळं त्या बसमध्ये एकाच वेळी, वेगवेगळ्या आवाजांत चालू होतं.

पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं कुणा पुढाऱ्याचं भाषण मोठ्यानं लावलं होतं.

"काका, आवाज कमी करा ना," कंडक्टर म्हणाला.

"अरे पाहू दे ना बे! काल हा त्या पार्टीत होता, आज कोन्या पार्टीत आहे थे समजूनच नाही राह्यलं."

"मले बी नाही समजून राह्यलं. तिकीट घ्या."

यवतमाळला बस बदलून घाटंजीला पोचले. आठवडी बाजाराचा दिवस होता. मी टपरीवर पोहे मागितले. "ताई, सांबार टाकू काय?" दुकानदारानं विचारलं. पोह्यांवर सांबार कोण खातं? मी नको म्हटलं. त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि कोरडे पोहे पुढे केले. शेजारच्या माणसाच्या प्लेटमध्ये हिरवीगार कोथिंबीर पेरलेली दिसली तेव्हा उलगडा झाला. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. मुकाट्यानं खाल्ले. बरे होते, फक्त तर्री अशी की नाक वाहायला लागलं.

घाटंजीत तीन दिवस वर्ग घेतला. बायकांना मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारते, फोन कुठून आला? बहुतेकींचं उत्तर एकच होतं, "मालकाचा जुना." पुढारी कोणत्या हॉटेलात आहेत, कोण कोणाबरोबर गेला, हे बघायला जुना फोन पुरेना, म्हणून पुरुषांनी नवे घेतले आणि जुने स्वयंपाकघरात आले. तडा गेलेली काच, अर्ध्या दिवसात संपणारी बॅटरी. राज्यकर्त्यांची पडझड झाली की इंटरनेट असं एकेक पायरी खाली उतरतं. हे मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही, त्या तडे गेलेल्या काचांवरूनच म्हणते.

शुक्रवारी पांढरकवड्याला बस बदलून मुकुटबनला गेले. छत्री आधीच्या बसमध्ये राहिली. भिजत उतरले. घ्यायला अंगणवाडीच्या बेबीताई आल्या होत्या, चाळिशीच्या, ठेंगण्या, तोंडानं फटकळ. त्यांनी माझी सोय कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत केली होती. खाली खतांची पोती आणि औषधांचे डबे, वर मी. खिडकी उघडली तर पाऊस आत, बंद केली तर औषधाचा वास. बेबीताईंनी आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर डब्यात आणून दिली. "एकट्या जेवाल ना मॅडम? मले घरी सैपाक आहे," म्हणून त्या गेल्या. मला एकटीनं जेवायची सवय आहे. भाजी आंबट, उत्तम. दोन भाकरी खाल्ल्या, फोन पाहिला. संस्थेचा एक मेसेज होता, 'पोचल्याचा फोटो पाठवा.' भिंतीचा फोटो पाठवला.

शनिवारी बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये वर्ग भरला. पावसानं वावरात पाय ठरत नव्हता, निंदण (खुरपणी) बंद होती, म्हणून बायका भरपूर आल्या. माझा पहिला धडा ठरलेला आहे, फोनची भाषा बदलणे. इंग्रजीमुळे बायका घाबरतात. एकेकीचा फोन हातात घेऊन मी मराठी करून दिला. आपल्या लिपीतली अक्षरं दिसल्यावर हॉलमध्ये एकदम कलकलाट झाला.

"माय वं! आता याले आपलं समजते!"

"तुह्या सासूले नाही समजत, याले काय समजते?" बेबीताई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक बाई तेवढी हसली नाही. पंचफुलाबाई. पन्नाशीच्या, सडपातळ, पांढरी साडी. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता, तो वारल्यापासून घरात एकट्याच, असं मला नंतर कळलं. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, देशाचं नेट बंद होते म्हंजे थे कुठून बंद होते?"

त्यांची मुलगी करुणा ढाक्याजवळच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती, तिसरं वर्ष. इथलं परवडेना म्हणून तिकडे गेलेली. दोन दिवसांपासून तिचा फोन लागत नव्हता आणि पाठवलेल्या मेसेजवर एकच बरोबरची खूण येत होती. मी फळ्यावर टॉवर काढला, समुद्राखालची केबल काढली आणि सांगितलं, की सरकारला वाटलं तर ते सगळ्या देशाचं नेट बंद करू शकतं.

"मंग चालू कवा करते?"

"त्यांना वाटेल तेव्हा."

"लाइट गेल्यावानी?"

"हो, तसंच."

"लाइटचं तरी ऑफिसात जाऊन विचारता येते," त्या म्हणाल्या आणि फोन पदराखाली ठेवला.

मला पुढचा धडा घ्यायचा होता. तो फसवणुकीचा. अनोळखी नंबर उचलू नका. नंबराच्या पुढं अधिकचं चिन्ह आणि परके आकडे दिसले तर मुळीच नाही. पुन्हा आला तर असा ब्लॉक करा. सगळ्यांकडून दोनदा करून घेतलं. पंचफुलाबाईंनी पहिल्याच वेळी बरोबर केलं. मी शाबास म्हटलं.

रविवारी सकाळी त्या आल्या नाहीत. बाकीच्याही निम्म्या गायब. बेबीताई छत्री मिटत आत आल्या, तेव्हा चेहऱ्यावर नेहमीची मिश्किली नव्हती.

"पंचफुलाबाईकडे बाया बसाले गेल्या मॅडम. तिच्या पोरीचं काही खरं नाही म्हनते. फोनवर पोलिसाचं आलं."

"काय आलं?"

"पोरीले शेवटचं गुरुवारी पाह्यलं म्हून."

मी खडू खाली ठेवला. काय झालं असेल ते मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी खात्री नव्हती. हॉल तसाच उघडा टाकून आम्ही दोघी चिखलातून निघालो.

दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. पाच-सहा बायका भिंतीशी बसल्या होत्या. चूल थंड. पंचफुलाबाई मधोमध, कोरड्या डोळ्यांनी. फोन त्यांनी नवऱ्याच्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता. तो कोणी पाहायला मागितला नव्हता. अशा वेळी कोण मागणार?

मी मागितला. करुणाचं नाव उघडलं. तिच्या फोटोशेजारी, नावाखाली, बारीक अक्षरांत होतं : शेवटचे पाहिले, गुरुवार.

हीच ओळ शनिवारपर्यंत तिथे इंग्रजीत होती, 'लास्ट सीन'. पंचफुलाबाई मराठी सातवी शिकलेल्या. इंग्रजीतलं त्यांच्या नजरेतून सरकून जायचं. मी भाषा बदलून दिली आणि घरी जाऊन त्यांनी जे वाचलं ते पोलीस पंचनाम्यात लिहितात तसं होतं. या भाषेत माणसाला शेवटचं पाहतात ते एकदाच.

"ताई, हे पोलिसांचं नाही. हे फोन स्वतःच लिहितो. सगळ्यांच्या नावाखाली लिहितो."

"मंग तिले पाह्यलं कोनं?"

"कोणीच नाही. तिनं फोन शेवटचा गुरुवारी उघडला, एवढाच त्याचा अर्थ."

"म्हंजे गुरुवारपासून तिले कोनीच नाही पाह्यलं?"

माझं हेही चुकलं होतं. मी बेबीताईंचा फोन घेतला, त्यात माझं नाव उघडलं. तिथेही लिहिलं होतं, शेवटचे पाहिले, आज. "हे बघा. मी तुमच्यासमोर उभी आहे ना?" पंचफुलाबाईंनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पायापर्यंत. मग त्यांना रडू फुटलं. बायका त्यांच्याजवळ सरकल्या. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पण मुलगी सुखरूप आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? फोननं वाईट बातमी दिली नव्हती, इतकंच. चांगलीही दिली नव्हती. काहीतरी करायचं म्हणून मी त्यांच्या फोनवरचे आलेले कॉल पाहू लागले. शनिवारी संध्याकाळपासून एकाच नंबरावरून सात कॉल आले होते, शेवटचे पाच ब्लॉक झालेले. पुढे अधिकचं चिन्ह, मग आठशे ऐंशी.

"हे कोणाचे?"

"थे फसवनारे," पंचफुलाबाई नाक पुसत म्हणाल्या. "तुमीच सांगलं ना. एकदा कापला, पुन्हा आला, मंग तो ब्लॉक करून टाकला."

आठशे ऐंशी हा बांगलादेशाचा आकडा आहे. हे मला ठाऊक होतं. धड्यात सांगायचं सुचलं नव्हतं.

मी नंबर मोकळा केला आणि उलट फोन लावला. लागेना. त्यांच्या पॅकवर परदेशी फोन जात नव्हता, माझ्याही नाही, बेबीताईंच्याही नाही. तिकडून पुन्हा येईल तेव्हाच. आम्ही फोन जमिनीवर, सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि वाट पाहत बसलो. कोणीतरी चूल पेटवली, कोरा चहा केला. पाऊस पत्र्यावर इतक्या जोरात वाजत होता की रिंग ऐकू येणार नाही, अशी भीती वाटून पंचफुलाबाईंनी तळहात फोनवर ठेवला. तास झाला, दीड तास झाला. एकदा फोन थरथरला तेव्हा कंपनीची जाहिरात होती. बेबीताईंनी कंपनीला अशी शिवी दिली की ती इथे लिहिता येणार नाही.

बारा वाजून गेल्यावर तो नंबर आला.

"आई? आई, काहून उचलत नव्हती वं? वसतिगृहाच्या ऑफिसात रांग लावून राह्यली मी कालपासून! इथं एकच फोन चालू आहे!"

पंचफुलाबाई फोनवर वाकल्या. म्हणाल्या, "जेवली का?"

"जेवली. खिचडी. आई, आम्ही समद्या पोरी आतच आहो. उद्या बसनं सीमेवर नेतो म्हनते. तू रडून राह्यली का?"

"कायले रडू? इथं मोबाइलचा क्लास चालू आहे."

बोलणं दोन मिनिटं चाललं असेल. मग मागच्या मुलीनं फोन मागितला असावा, तो तुटला. पंचफुलाबाई उठल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. बायका हसत, डोळे पुसत एकेक उठल्या.

"मॅडम," बेबीताई मला म्हणाल्या, "तुमच्याच शिकवन्यानं पोरगी गेलती अन् तुमच्याच हातानं वापस आली. आता उद्या काय शिकवता?"

मी म्हटलं, काही नाही, उजळणी. दुसऱ्या दिवशी फक्त तीच घेतली. परक्या नंबरांचा नियम दुरुस्त करून सांगितला. घरचं कोणी बाहेरदेशी असेल तर त्या देशाचा आकडा पाठ करून ठेवा, असं फळ्यावर लिहिलं.

मंगळवारी मी स्टँडवर उभी होते. भिजायला हरकत नव्हती, छत्री नव्हतीच. पंचफुलाबाई चालत आल्या. करुणा सीमा ओलांडून आगरतळ्याला पोचली होती, तिथून फोटो आला होता. तो मला दाखवला. चिखलानं भरलेली सॅक, विस्कटलेले केस, हसू. मग फोन माझ्या हातात दिला.

"हा पयल्यावानी करून द्या. इंग्रजी."

"अहो ताई, मराठी तुम्हाला इतकं छान येतं."

"इंग्रजी होतं तवा मी नुसती तिचा फोटो पाहत जाव. आता खालचंच दिसते."

मी इंग्रजी करून दिलं. त्यांनी नावाखालच्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं, समाधानानं मान हलवली आणि बस लागेपर्यंत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. या सबंध प्रवासात माझ्या शेजारी फोन न बघता उभं राहिलेलं ते एकच माणूस. बस सुटली तेव्हा त्या परत फिरल्या होत्या.

घरी पोचले. दूधवाल्याला दूध चालू कर म्हणून सांगितलं, साड्या वाळत घातल्या आणि संस्थेचा अहवाल भरायला घेतला. मोबाइल मराठीत करून दिल्यावर बायका इंटरनेट जास्त वापरतात, हा संस्थेचा सिद्धांत आहे आणि बहुतेक ठिकाणी तो खराच ठरतो. प्रत्येकीच्या नावापुढे रकाना होता : फोनची भाषा मराठी केली का? मुकुटबनच्या सगळ्या नावांपुढे 'हो' लिहिलं. पंचफुलाबाईंच्या नावापुढे 'नाही'.

'नाही' लिहिलं की कारण द्यावं लागतं. जागा जेमतेम दोन-तीन शब्दांची. मी लिहिलं : मराठी वाचता येते.